दिवसाढवळ्या दिवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी झाशीतील वक्त्याने महाराणी लक्ष्मीबाईंचे पुण्यस्मरण करावे, अठराव्या शतकात नारोशंकरांच्या काळी येथे आलेल्या महाराष्ट्रीय घराण्यांचा वृत्तान्त सांगावा, अथवा परप्रांतात आपली भाषा कशी टिकेल याची चर्चा करावी, अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. ते विषय आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी याच व्यासपीठावरून मांडले आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते सायकलच्या दिव्याविषयी. आणि तोही रात्रीचा नव्हे, भर दिवसाचा. विषय जाहीर होताच काही श्रोत्यांच्या मुखावर स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. तथापि या सभागृहाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकली आम्ही येताना पाहिल्या. त्यांवर बसून आपलीच मुले शाळेला आणि शिकवणीला जातात, आपलेच निवृत्त काका सीपरी बाजारातून भाजी आणतात. तेव्हा विषय किरकोळ भासला तरी तो घरचाच आहे.

आमच्या पिढीच्या मनात सायकलचा दिवा आणि रात्र यांची गाठ पक्की बसलेली आहे. मागच्या चाकाला घासून फिरणारा डायनॅमो, त्याची घरघर, चढावर मंद होणारा आणि थांबताच विझणारा तो पिवळसर प्रकाश, आणि दिवा नसल्यास चौकात शिपाई अडवील ही धास्ती, हे सर्व आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. दिवा होता तो रस्त्यावरचा खड्डा दिसावा म्हणून, आणि त्याहून अधिक शिपायाला दिसावा म्हणून! सूर्य उगवला की त्याचे काम संपले, अशी आपली समजूत. परंतु दिव्याची कामे दोन आहेत. एक, आपल्याला दिसावे. दुसरे, आपण दिसावे. पहिले काम सूर्य करतो. दुसरे मात्र तो प्रत्येक वेळी करतोच असे नाही.

आमच्या कार्यालयातील एका शिपायाची हकीकत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. नाकासमोर चालणारा, वीस वर्षे रोज सायकलने येणारा हा गृहस्थ सकाळी दहाच्या सुमारास रस्त्याच्या डाव्या कडेने येत असता मागून आलेल्या जीपने त्याला उडविले. रस्ता सरळ होता, आभाळ निरभ्र होते, चालक शुद्धीत होता आणि वेगही बेताचा होता. चालक स्वतःच त्याला इस्पितळात घेऊन आला आणि सर्वांपुढे हात जोडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "साहब, दिखे ही नहीं." मांडीचे हाड जुळून यायला पाच महिने लागले, पाय आखूड राहिला तो राहिलाच. थोरल्या मुलीचे लग्न त्या वर्षी ठरायचे होते, ते लांबले. चालकाचे वाक्य आमच्या कित्येक सहकाऱ्यांना निलाजरी सबब वाटले. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले असते, परंतु त्या मनुष्याचा चेहरा खोटे बोलणाऱ्याचा नव्हता.

भर उजेडात मनुष्य दिसत नाही हे कसे? याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्याला समोरचे सगळे दृश्य स्पष्ट दिसते असा भास होतो; वस्तुतः बारीकसारीक तपशील दिसतो तो दृष्टीच्या अगदी मधल्या भागात, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीचे सारे अंधुकच असते. त्या अंधुक प्रदेशातून डोळा कोठे वळवायचा हे मेंदू ठरवितो, आणि तो वळतो ते हालचालीकडे, चमकेकडे, भोवतालाहून वेगळ्या दिसणाऱ्या वस्तूकडे. आता आपला सायकलस्वार पाहा. मळकट रंगाचा सदरा, काळी सायकल, मागे धुळकट रस्ता आणि कडुनिंबांची सावली. मे महिन्यात झाशीच्या रस्त्यावर ऊन असे तळपते की उन्हातून सावलीत शिरणाऱ्या चालकाच्या डोळ्यांना क्षणभर सावलीतले काहीच उमगत नाही. शिवाय मागून येणाऱ्याला सायकलस्वार आडवा सरकताना दिसत नाही. तो हळूहळू मोठा होत जाणारा एक ठिपका असतो. म्हणजे हालचालही नाही, चमकही नाही आणि वेगळेपणाही नाही.

येथे थोडे अंकगणित करू. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे चौदा मीटर अंतर तोडते. समोर काय आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जाण्यास दीड सेकंद धरला तर तेवढ्यातच एकवीस मीटर सरले. गाडी थांबण्याचे अंतर पुढेच. चालकाला सायकलस्वार दोन सेकंद आधी लक्षात आला तर त्याला अठ्ठावीस मीटर अधिक मिळतात. साऱ्या विषयाचे मर्म या दोन सेकंदांत आहे.

आपली झाशी रेल्वेची नगरी. आपल्यापैकी कित्येक घराणी जी. आय. पी. रेल्वेच्या चाकरीच्या निमित्तानेच येथे आली. तेव्हा रेल्वेचाच दाखला द्यावा हे उचित. जुन्या सिग्नलला लाकडी अथवा पत्र्याचा हात असे. दिवसा हात पाहायचा आणि रात्री त्यामागच्या रॉकेलच्या दिव्याचा रंग पाहायचा. पुढे रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या मार्गावर ते १९२८ साली बसले. त्यांत हात नाही. रात्री जो दिवा तोच दिवसाही. भिंगातून एका दिशेने एकवटलेला प्रकाश भर दुपारीदेखील हातापेक्षा दूरवरून ओळखता येतो, हे अभियंत्यांनी अनुभवाने जाणले. आज स्थानकावर उभे राहिले असता ऐन उन्हात जळणारे ते लाल-हिरवे दिवे पाहून 'वीज वाया चालली' असे कोणी म्हणत नाही.

रस्त्यावर हाच विचार थोडा उशिरा आला. स्वीडनने १९७७ साली मोटारींना दिवसाही दिवे लावणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०११ पासून नव्या मोटारींना दिवसाचे दिवे आवश्यक ठरविले. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकी वाहनांचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. प्रारंभी रस्त्यावरचे लोक हाताची बोटे उघडमीट करून 'दिवा चालू राहिला आहे' अशी खूण करीत. आता करीत नाहीत. मात्र या सुधारणेचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. मोटारसायकल उजळली, स्कूटर उजळली, आणि त्याच कडेने चालणारी सायकल तेवढी काळोखी राहिली. चालकाची नजर दिव्याला सरावली, की बिनदिव्याचा मनुष्य तिच्यातून अधिकच सुटण्याचा संभव असतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही, म्हणून तिला हा नियमही लागू नाही.

सायकलपुरता प्रयोग कोणी केला आहे काय? केला आहे. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात नोव्हेंबर २००४ पासून वर्षभर ३,८४५ सायकलस्वारांवर ही पाहणी झाली. काहींच्या सायकलींना चाकाच्या आऱ्यांवरील चुंबकांच्या योगाने सदैव चालू राहणारे दिवे बसविले, काहींना बसविले नाहीत. दिवेवाल्यांत इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळले. अपघातांची माहिती स्वारांनी स्वतःच कळविली होती आणि आपल्याकडे दिवा आहे की नाही हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. शिवाय डेन्मार्कमध्ये सायकलींना स्वतंत्र मार्ग आहेत. आपल्याकडे एकाच रस्त्यावर ट्रक, टेम्पो, ई-रिक्षा आणि गाय यांचा संसार चालतो. तरीही दिशा स्पष्ट आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. निळा प्रकाश देणारा एलईडी सिद्ध केल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळे पांढऱ्या एलईडीचा मार्ग मोकळा झाला, आणि आज मुठीत मावणारा, चार्ज करता येणारा दिवा काही शे रुपयांत मिळतो. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर मागचा लाल दिवा आधी घ्यावा. पुढून येणारे संकट आपल्याला दिसते, मागून येणारे दिसत नाही. खेळण्यासारखा मिणमिणता दिवा झाशीच्या उन्हात निरुपयोगी होय. त्याची परीक्षा सोपी आहे: भर दुपारी घरातल्या एकाने सायकल धरून उभे राहावे, दुसऱ्याने शंभर पावले मागे जाऊन पाहावे. दिसला तर दिवा खरा. तो सीटखाली जमिनीला समांतर, सरळ मागे रोखलेला असावा. दप्तर, डब्याची पिशवी किंवा सदऱ्याचा सोगा त्यावर येऊ देऊ नये. दिवसा लुकलुकता ठेवावा, रात्री स्थिर; कारण अंधारात लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाज चुकतो. रविवारी पुसावा आणि चार्ज करावा.

कित्येकजण म्हणतील, सायकलला रिफ्लेक्टर आहेत ते पुरेत. रिफ्लेक्टर रात्री उत्तम; परंतु तो स्वतः प्रकाश देत नाही, मोटारीचा प्रकाश तिच्याच चालकाकडे परत पाठवितो. दिवसा सभोवार एवढा उजेड असताना त्या परतफेडीचा उपयोग जवळजवळ शून्य. आणखी एक सावधगिरी: सकाळ-संध्याकाळ सूर्य क्षितिजाशी असता चालकाच्या थेट डोळ्यांत येतो, त्या वेळी उत्तम दिवाही त्या तेजात लोपतो. अशा समयी दिव्यावर विसंबू नये, कडेनेच राहावे.

शेवटी एका गंभीर आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. 'धडक देणारा मोटारवाला, आणि दिवा लावायचा सायकलवाल्याने, हा कोणता न्याय?' आक्षेप सर्वस्वी योग्य आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्याला चिरडले नव्हते. ज्याच्या हाती वजन आणि वेग, त्याच्याच माथी जबाबदारी, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. सायकलला दिवा नव्हता म्हणून नुकसानभरपाई कमी करा असे उद्या कोणी म्हणू लागल्यास आम्ही त्याला विरोधच करू. देशातील उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन मोठे महामार्ग ज्या झाशीत एकमेकांना भेटतात, तेथे सायकलींसाठी वेगळी वाट मागणे हा नागरिकांचा हक्क आहे आणि मंडळाने तशी मागणी अवश्य करावी. परंतु ती वाट होईतो आपली मुले उद्या सकाळी सात वाजता त्याच रस्त्यावर निघणार आहेत. न्याय आपल्या बाजूचा असला तरी मोडलेले हाड तो पूर्ववत करीत नाही. आमच्या शिपायाचा पाय आम्हांस हेच शिकवितो.

म्हणून मंडळाच्या भगिनीवर्गापुढे एक विनंती नम्रपणे ठेवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी वाण लुटता. वाट्या, डबे, गाळणी घरोघरी पुष्कळ झाली आहेत. या सुवर्णमहोत्सवी वर्षी वाण म्हणून सायकलचा एकेक लाल दिवा द्यावा. संक्रांतीच्या सुमारास बुंदेलखंडात सकाळी नऊ-दहापर्यंत धुके असते, तेव्हा त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी सुरू होईल. ज्या घरी सायकल नाही त्या घरच्या सुवासिनीने तो दूधवाल्याला अथवा कामवालीच्या मुलाला द्यावा. त्यांच्या सायकली तर आपल्याहूनही अधिक रस्त्यावर असतात.

आपण देवापुढे निरांजन लावतो ते भर दुपारच्या आरतीलाही लावतो; देव्हाऱ्यात उजेड असतोच. तेव्हा दिवसा दिवा लावणे ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.