फाईल तुमच्या हातात हवी



आत्ताच तुमची एकांकिका संपली, थोड्या वेळात बक्षिसं वाटायची आहेत. मधल्या वेळात मी एकाच विषयावर बोलणार आहे. शेवटच्या दोन वर्षांतली बरीच मुलंमुली परदेशी शिकायला जायचं म्हणताहेत, त्यांच्याशी बोला, असं प्राचार्य सरांनी मला सांगितलं. माझं एम.एस्सी. जर्मनीत, आखेनला झालं, आणि तिकडे निघालेल्या मुलांना मी जमेल तशी मदत करत असते. म्हणून जर्मनीबद्दलच बोलते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की जाण्याआधीचा प्रत्येक कागद तुम्ही स्वतः वाचा, स्वतः भरा. बाबांनी नको, मामांनी नको, आणि भरपूर पैसे घेणाऱ्या एजंटाने तर नकोच. तिकडे पोचल्यावर पहिल्या महिन्यात नगरपालिका, बँक, विमा, विद्यापीठ आणि घरमालक हे सगळं तुम्हाला एकट्याने निभावायचं असतं. इथे ज्याने एकही फॉर्म भरला नाही, तो तिथे गांगरतो. अर्जासोबतचं निवेदन एजंटाने लिहून दिलेलं, आणि 'हाच अभ्यासक्रम का निवडलास' असं विचारल्यावर मुलगा गप्प, हे मी पाहिलंय. मुलगा हुशार होता. त्याला त्याच्याच अर्जापासून लांब ठेवलं गेलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

सुरुवात नावापासून करा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव असतं, कुणाच्या नसतं. आईचं नाव दहावीच्या कागदावर एका स्पेलिंगने आणि जन्मदाखल्यावर दुसऱ्याच. इथे आपण हे चालवून घेतो. परदेशी कारकून मात्र दोन कागद शेजारी ठेवतो आणि ही माणसं दोन आहेत का, असं विचारतो. आज घरी गेल्यावर दहावी, बारावी, पदवीची गुणपत्रकं, आधार आणि पासपोर्ट एका ओळीत मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तो वेळ आत्ता तुमच्याकडे आहे.

वेळेचंही तसंच. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. पुष्कळ ठिकाणी अर्जाची मुदत १५ जुलै असते, पण अनेक अभ्यासक्रमांची त्याच्या कितीतरी आधी संपते. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमची पदवी खरी आहे का, याची ती तपासणी. त्याआधी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायचं, आणि आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर किती खेटे घालावे लागतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. ज्याला पुढच्या ऑक्टोबरात वर्गात बसायचंय, त्याने या ऑक्टोबरात कामाला लागावं.

आता पैसे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. शिवाय राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाची रक्कम आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४पासून ती ११,९०४ युरो ठरली, म्हणजे महिन्याला ९९२. रक्कम बदलत असते, भरण्याआधी ताजा आकडा बघा. हे पैसे एकदम हातात मिळत नाहीत. तिथे गेल्यावर बँकेत रोजच्या व्यवहाराचं वेगळं खातं उघडायचं, मग त्यात महिन्याच्या महिन्याला हप्ता सुटतो. आणि खोलीची अनामत मात्र सुरुवातीलाच द्यावी लागते. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचे पैसे वेगळे हवेत. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण त्या कमाईवर पहिलं वर्ष काढायचा हिशेब मांडू नका. पहिलं सत्र अभ्यासाचं असू द्या.

पैसा मध्येच संपला तर काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राला फार जवळून माहीत आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्याच काळात त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाची ती वर्षं पैशापायी गेली. आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पात्र असाल तर तिचे नियम आणि मुदत आत्ताच वाचून ठेवा. ज्यांना शैक्षणिक कर्ज घ्यायचंय, त्यांनी आईवडिलांना शेजारी बसवून हप्ता कधी सुरू होणार, तारण काय, हे बँकेत विचारा. घरावर कर्ज चढणार असेल तर ते किती, हे मुलांना कळलंच पाहिजे.

खोलीबद्दल. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाचं पत्र येताच करा, प्रतीक्षायादी लांब असते. 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल' असा मेल आला की समजा, लिहिणारा फसवतोय. खोली न बघता पैसे पाठवू नका. खोली मिळाली की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. या नोंदणीवर पुढची बरीच कामं अडलेली असतात, म्हणून खोली ठरवतानाच विचारा, हा कागद देणार का?

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालकाचं पत्र जर्मनमध्येच येतं आणि डॉक्टरकडे फोन उचलणाऱ्या बाई जर्मनच बोलतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. निदान ए-टू पातळीपर्यंत जर्मन शिकून जा, हा माझा आग्रह आहे.

सामानात तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. भाजणी, मसाला, चटणी न्या. दातांची कामं इथेच उरका, चष्म्याची जादा जोडी घ्या, नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी रात्री उतरणार असाल तर दोन दिवसांचं खाणं जवळ ठेवा.

आणि एक गोष्ट पालकांसमोरच बोलते. नोव्हेंबरअखेर तिकडे चार-साडेचारला सूर्य मावळतो. नवी जागा, नवी भाषा, खोलीत एकटं. चांगली मुलंसुद्धा त्या दिवसांत खचतात आणि फोनवर मात्र 'सगळं मस्त' म्हणतात, कारण घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. आईबाबा, तुम्ही 'जेवलास का'च्या पुढे विचारा. एखादा विषय राहिला तरी चालेल, हे ते निघायच्या आधीच त्यांना सांगा. विद्यापीठांच्या विद्यार्थी सेवा केंद्रांत समुपदेशक असतात. त्यांचा पत्ताही तुमच्या कागदांच्या फाईलमध्ये असू द्या.

बक्षीस समारंभ झाल्यावर मी ग्रंथालयात बसणार आहे. पासपोर्ट नसला तरी या, काय शिकायचंय ते एका कागदावर लिहून आणा, आपण तिथूनच सुरुवात करू.