मुलांचे लघुपट आणि आपले कर्तृत्ववान
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



शालेय विद्यार्थ्यांकडून लघुपट काढून घेण्याचा जो उपक्रम मंडळाने आरंभिला आहे, त्याविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी जन्मभर खडू हाती धरलेला मनुष्य. तथापि मुले काय पाहतात, एवढे मला थोडेबहुत उमगते.

‘आपले कर्तृत्ववान’ हा विषय दिला होता. मोबाईलवर चित्रण करून मुलांनी जे पट आणले, त्यांतील बहुतेकांत भिंतीवरील तसबीर, हार, प्रमाणपत्रे, बंगल्याचे फाटक आणि जोडीला धडधडणारे संगीत एवढेच होते. अमुक गृहस्थांनी अपार कष्ट केले, असे मुलगा सांगतो. ते कष्ट पडद्यावर कोठेच दिसत नाहीत. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या सत्कारसमारंभांत त्यांनी जे पाहिले, तेच त्यांनी टिपले.

या संदर्भात दादासाहेब फाळके यांचे स्मरण होते. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, हे आपण जाणता. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाचा एक इवलासा पट घेतला होता. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि दररोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर सुमारे मिनिटभरात दिसू लागली. त्यात नट नव्हता की कथा नव्हती; परंतु तो पट दाखवूनच त्यांनी भांडवलासाठी कर्ज मिळविले. वाढ कशी होते हे डोळ्यांना दिसले, की माणसाचा विश्वास बसतो. मोठ्या माणसाचे चरित्रही मुलांनी याच रीतीने दाखवावे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडेची छिद्रे अंधारात बसून पाडावी लागत. ते काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतले. फिल्म धुण्यास त्यांचा हात असे, सर्व मंडळींचा स्वयंपाक त्याच करीत आणि धंद्यासाठी दागिनेही त्यांनीच काढून दिले. आपल्या मुलांनी आणलेल्या पटांत अशी स्त्री किती वेळा दिसली? माझ्या मोजणीप्रमाणे एकदाच.

तो पट आठवीतील एका मुलीचा. तिची आजी पापड लाटते आहे. उडदाचे पीठ कुटून मऊ करणे, दोऱ्याने लाट्या कापणे, लाटणे, वाळत घालणे, एवढेच त्यात आहे. मुलगी मधूनच विचारते, “आजी, काकांची कॉलेजची फी किती होती गं?” आजी हात न थांबवता आकडा सांगते, आणि एवढे पैसे जमण्यास किती पापड लाटावे लागले तेही सांगते. परीक्षणाच्या वेळी प्रश्न निघाला, “यात पराक्रम कोणता?” मी हरकत घेतली, बहुमताने पट बाद झाला. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. त्यातील माउली तरी कोणत्या सभेची अध्यक्षा होती? (अध्यक्षमहाराजांनी राग मानू नये.)

पुढील वर्षी नियम थोडे बदलावेत, अशी माझी सूचना आहे. पटाचा निम्मा भाग तरी प्रत्यक्ष कामाचा असावा. शेतातील, दुकानातील, दवाखान्यातील, कोणतेही काम चालेल. ज्यांच्यावर पट काढावयाचा त्यांची आधी संमती घ्यावी, सनावळी कागदपत्रांशी ताडून पाहावी आणि “आपण कोठे अडलात, कोणी हात दिला?” हा प्रश्न मुलाने स्वतः विचारावा. हात देणारा अन्य ज्ञातीचा निघाला, तर त्याचे नाव गाळू नये. असे पुष्कळदा घडलेले आहे. माझी स्वतःची मॅट्रिकची फी अशाच एका शेजाऱ्यांनी भरली होती. मंडळाच्या विद्यमान पदाधिकाऱ्यांवर पट घेण्यास एक वर्ष बंदी असावी. मुलांची भीड त्यामुळे पुष्कळ कमी होईल.

त्या मुलीचा पट मी तिच्या वडिलांच्या अनुमतीने मागून आणला आहे. तो तीन मिनिटांचा आहे. अध्यक्षमहाराजांची आज्ञा झाल्यास भोजनापूर्वी तो येथेच दाखवावा, अशी माझी विनंती आहे.