आहेरातील दोन मिक्सर



आमच्या वास्तुशांतीस दोन मिक्सर आहेरात आले. एक येथीलच स्नेह्यांचा. निर्दोष, पण आम्हांस नकोसा. तो परत घेण्यास दुकानदाराने नम्रपणे नकार दिला, आणि ते योग्यच होते. वस्तू नको झाली एवढ्यावरून पैसे परत मागण्याचा हक्क कायदा देत नाही. दुकानाने तशी सवलत ठेवली असेल तरच ते मिळतात.

दुसरा धाकट्या बहिणीने पुण्याहून आणलेला. तिसऱ्याच दिवशी त्यातून धूर निघाला. आता भेटीची पावती मागावी कशी? कार्यालयात जन्मभर मसुदे केले, पण हे पत्र आठ दिवस जमेना. अखेर सौभाग्यवतींनीच फोन केला.

बहीण दुकानात गेली, तेव्हा पावतीवरील ओळ दाखवण्यात आली: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ (शाईपलीकडे या ओळीला वजन नाही!) सदोष माल परत घेऊन, पावतीत मुदत नसल्यास ३० दिवसांत, पैसे देण्यास नकार ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा होय. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. १९८६ च्या कायद्याखाली आम्हांस पुण्यास खेटे घालावे लागले असते. आता आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. आम्हां बदलीवाल्यांना हे मोठेच साहाय्य.

आम्ही दुकानास तसे लिहिले. पैसे बहिणीस परत मिळाले. तिने मात्र विचारले, “दादा, खरं सांग, तुला मिक्सर आवडला नव्हता ना?”