छोट्या गावात स्वतःचे घर

(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून घर-जमिनीविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या कुटुंबाला दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावे लागते, त्या कुटुंबातील मुलाची शाळाही हलते, हे आम्ही शिक्षक नित्य पाहतो. घराचा प्रश्न हा शिक्षणाचाच प्रश्न आहे.

नाशिक शहरातील जागांचे भाव आता मेकॅनिक, शिलाईकाम करणारा किंवा भाजीविक्रेता यांच्या आवाक्यात राहिलेले नाहीत. म्हणून आपले पुष्कळ बांधव येवला, मनमाड, नांदगाव, चांदवड, सिन्नर अशा गावांकडे वळतात. विचार योग्य आहे. मात्र स्वस्त मिळते ते घर, की केवळ एक कागद, हे आधी पाहिले पाहिजे.

छोट्या गावात बहुधा एक गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट जागा दाखविली जाते. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वाचावी म्हणून स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहून नोटरीचा शिक्का मारतात आणि "झाले तुमचे घर" असे सांगतात. बंधूंनो, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवावेच लागते. केवळ मुखत्यारपत्र घेऊनही मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे.

माझ्या माहितीतील एका पालकांनी आयुष्याची पुंजी घालून असाच गुंठा घेतला. भिंती उभ्या राहिल्यावर विकणाऱ्याच्या बहिणीने आपला हिस्सा मागितला, आणि तिचे म्हणणे खरे होते. तडजोडीत उरलेले पैसेही गेले. बारावीत उत्तम गुण मिळविणारी त्यांची मुलगी त्या वर्षी कॉलेजात जाऊ शकली नाही.

त्यातून दोन बोध घ्यावेत. पहिला खरेदीदारासाठी. वडिलांच्या पश्चात मुलगे आणि मुली सर्वच वारस होतात. शरीअतने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा दिला आहे, आणि मुले असलेल्या विधवेला आठवा. भावांनी परस्पर जागा विकली तर खरेदीदाराला फक्त भावांचा हिस्सा मिळतो, बहिणींचा नाही. तेव्हा सर्व वारसांची सही असल्याखेरीज इसारही देऊ नये. दुसरा बोध आपणा सर्वांसाठी. अल्लाहने दिलेला हा हिस्सा आपण आपल्या बहिणींना खरोखर देतो काय? की ईदला साडी-चोळी देऊन हक्कसोड पत्रावर सही घेतो? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता कागदांविषयी. शेतजमीन असेल तर सात-बारा आणि जुने फेरफार पाहावेत. गावठाणात नगर भूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिका पाहावी. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर-आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे. सात-बाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल, किंवा जागा इनाम असेल, तर परवानगीवाचून व्यवहार करू नये, आणि वक्फची जागा तर विकत घेऊच नये. वक्फची जागा स्वस्तात घेणारा माणूस मशीद, मदरसा आणि गरिबांचा हक्क घेत असतो, हेही ध्यानी ठेवावे. जमीन बिनशेती आहे काय, मंजूर रेखांकन आहे काय, हे विचारावे. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा असून त्यात वेळोवेळी बदल झाले आहेत. म्हणून दलालाच्या तोंडी माहितीवर न विसंबता तहसील कार्यालयात आजचा नियम समजून घ्यावा. खरेदीखतानंतर फेरफार होऊन आपले नाव लागेपर्यंत स्वस्थ बसू नये.

कागदाइतकेच पाण्याकडेही पाहावे. मनमाडकरांनी वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहिली आहे. जागा उन्हाळ्यात पाहावी, म्हणजे पाणी कळते. पावसाळ्यात पुन्हा पाहावी, म्हणजे रस्ता आणि नाला कळतो. शाळा व दवाखाना किती दूर, हेही मोजावे. लांबची शाळा मुलीची आधी सुटते.

पैशाची सोय प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे व श्रद्धेप्रमाणे करावी. व्याजाच्या प्रश्नावर उलेमांचा सल्ला घ्यावा. तो माझा अधिकार नाही. परंतु भावाकडून कर्ज-ए-हसना घेतले तरी ते लिहून ठेवावे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणे लिहिण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. तसेच पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात पात्र कुटुंबाला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये बांधकामास मिळतात. त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. घर पत्नीच्या नावे घेतल्यास 2021 पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. सवलतीसाठी का होईना, घरावर घरवालीचे नाव लागू द्या!

विद्यार्थी मित्रांनो, सात-बारा आज महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतो. तुमचे वडील कदाचित तो वाचू शकत नसतील. तुम्ही वाचू शकता. मराठी आपल्या घरात कमी बोलली जाते, म्हणून ती परकी मानू नका. आपल्या जमिनीचे कागद याच भाषेत आहेत. सही करण्यापूर्वी वडिलांना प्रत्येक ओळ वाचून दाखवा. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग मला ठाऊक नाही.

कष्टाच्या पैशाचे छोटेसे घर, पण निर्वेध मालकीचे, आपणा सर्वांना लाभो, ही दुआ करून मी माझे भाषण संपवितो. खुदा हाफिज. जय हिंद.