यकृताचे आरोग्य : बाटलीत की ताटात?



साकीनाक्याच्या अरुंद गाळ्यांत यंत्रासमोर उभा असणारा कारागीर आणि साकीविहार रस्त्यावरील कार्यालयात संगणकासमोर बसणारा कर्मचारी, दोघांच्या कष्टांची जात वेगळी. तरीही सोनोग्राफीच्या अहवालातील ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द दोघांच्याही वाट्याला येऊ शकतात. मग एखादे ‘लिव्हर टॉनिक’ घरात येते. पोषकद्रव्यांनी यकृत खरोखर सुधारते काय?

उत्तर ‘होय’ आहे, पण अटींसह. यकृतातील चरबी बाहेर धाडण्यासाठी तिला वेष्टन लागते आणि ते तयार करण्यास कोलीन हे पोषकद्रव्य आवश्यक असते. इन्सुलिनच्या शोधातील एक मानकरी चार्ल्स बेस्ट यांनी १९३०च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून कोलीनचा हा गुण दाखवून दिला. अंडी, सोयाबीन, शेंगदाणे, दूध यांतून ते मिळते. जेथे कमतरता आहे, तेथे पोषकद्रव्य हेच औषध ठरते.

कमतरता नसताना काय? अमेरिकेत २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ९६ आठवडे देण्यात आली. ४३ टक्के रुग्णांच्या यकृतात सुधारणा आढळली. नुसत्या दिखाऊ गोळीने ती १९ टक्क्यांत झाली होती. मात्र हे रुग्ण मधुमेही नव्हते. पुढे २०११ मध्ये दुसऱ्या मोठ्या चाचणीत याच जीवनसत्त्वाच्या दीर्घकाळ सेवनाने पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. गुणकारी वस्तूही वैद्याविना घ्यायची नसते, ती याचसाठी.

‘आपण तर सडपातळ’ या समाधानातही अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपली तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

याची मुळे मातेच्या उदरापर्यंत जातात. याज्ञिकांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांत ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला पुरेशी दाद देत नव्हते. एकाच पोषकद्रव्याचा भर नव्हे, तर समतोल महत्त्वाचा, हा त्यातील धडा.

उपाय साधा आहे, सोपा नाही. वजन अधिक असल्यास ते ७ ते १० टक्के उतरवले की चरबीबरोबर यकृताची सूजही ओसरू लागते. गोड पेये आणि मद्य वर्ज्य, ताटात डाळ-उसळ व भाजी अधिक, रोज भरभर चालणे आणि ब-१२ची तपासणी. हे व्रत एकट्या रुग्णाचे नाही. सारे घर एकाच ताटाची शिस्त पाळेल, तेव्हाच ते तडीस जाईल.