लाकडी देवालय वाचविणारा व्यापारी
(समारंभप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या प्रसंगी देणगीदारांची नावे वाचली जातात, आणि ती वाचलीच पाहिजेत. आज मी एका दूरदेशीच्या दात्याचे नाव घेणार आहे. नॉर्वेमधील बर्गन या बंदरात फ्रेड्रिक गेओर्ग गाडे नावाचे व्यापारी होऊन गेले. आडनाव आपल्याकडचे वाटते, पण गृहस्थ अस्सल नॉर्वेचे. जन्म १८३०, मृत्यू १९०५. बर्गन हे सुक्या मासळीच्या व्यापारावर शतकानुशतके पोसलेले शहर. तेथे गाडे यांनी पैसा आणि मान दोन्ही मिळविले. लोक त्यांना कॉन्सल गाडे म्हणत. पैसा पुष्कळांनी मिळविला. गाडे यांचे नाव उरले ते एका जुन्या लाकडी चर्चमुळे.

नॉर्वेत मध्ययुगात संपूर्ण लाकडाची प्रार्थनामंदिरे बांधीत. त्यांच्या भाषेत स्टाव्ह म्हणजे उभा खांब; त्यावरून ती खांबांची चर्चे. पूर्वी खांब सरळ जमिनीत पुरीत आणि ते ओलीने कुजत. पुढे कारागिरांनी दगडी पायावर आडव्या तुळया ठेवून त्यांवर खांब उभे केले. बाहेरून पाइनच्या लाकडाचे डांबर लावले. एवढ्या शहाणपणावर त्या इमारतींनी सातआठशे हिवाळे काढले.

थंडीपावसाने मारले नाही, ते गरजेने मारले. १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये तेथील लोकसंख्येच्या तीनदशांश माणसांची सोय असावी असे ठरले. जुनी चर्चे लहान, अंधारी. गावोगाव ती पाडून नवी बांधण्यात आली. एकेकाळी शेकड्यांनी असलेली ही चर्चे आज अठ्ठावीसच्या आसपास उरली आहेत. त्यासाठी गावकऱ्यांना दोष देता येणार नाही. त्यांना डोक्यावर छप्पर आणि बसायला जागा हवी होती.

सोग्न भागातील फोर्टुन गावी सुमारे ११५० सालचे असेच एक चर्च होते. १८७९ मध्ये तेथे नवे चर्च झाले आणि जुने पाडण्याच्या वाटेवर आले. तेव्हा गाडे यांनी ते विकत घेतले, लाकडे सुटी करविली आणि १८८३ मध्ये बर्गनजवळ फान्टोफ्ट येथील आपल्या मिळकतीत ते पुन्हा उभे केले.

मंडळी, येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. इमारत वाचली, पण फोर्टुन गावाच्या हातून ती गेली. पुन्हा उभारताना बोर्गुंडच्या जुन्या चर्चचा नमुना समोर ठेवून तिचे रूपही पुष्कळ बदलण्यात आले. बाहेरची ओसरी, छपरावरची ड्रॅगनची मुखे ही त्या वेळची भर. हौशी दात्याच्या हातून असे घडते. तरीही मी गाडे यांना नमस्कारच करीन. त्यांनी हात घातला नसता, तर वाद घालायलाही काही उरले नसते.

पुढे ६ जून १९९२ रोजी कोणा दुष्टाने आग लावली आणि आठशे वर्षांचे लाकूड एका सकाळीत राख झाले. लोक हळहळून थांबले नाहीत. जुने, संथ वाढलेले पाइन वृक्ष शोधण्यात आले. सुतारांनी जुन्या रीतीचे सांधे पुन्हा शिकून घेतले. १९९७ मध्ये काम पुरे झाले.

आज फान्टोफ्टला जे उभे आहे त्यात गाडे यांनी आणलेले लाकूड जवळजवळ नाही. मग त्यांचे दान वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी ती इमारत एकशेनऊ वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवली. त्या काळात तिची छायाचित्रे निघाली, लोक तिला आपली मानू लागले. म्हणूनच ती पुन्हा बांधावी असे कोणाला तरी वाटले.

यावरून माझी कारभाऱ्यांना एकच विनंती. जुने काढण्यापूर्वी त्याचे माप घ्या, छायाचित्र काढा, आणि दात्यांच्या नावांशेजारी सुताराचे व गवंड्याचे नावही लिहून ठेवा. दगडलाकूड जाते, पुन्हा उभे करण्याची विद्या कोणापाशी होती, हे पुढच्यांना कळले पाहिजे.