१४ लाखांत ७० लाखांची गाडी: जुनी लक्झरी एसयूव्ही घेण्याआधी

आजचा भाग गाड्यांवर आहे. नेमकं सांगायचं तर त्या एका गाडीवर, जिची जाहिरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवली असेल. २०१४-१५ चं मॉडेल, काळी नाहीतर पांढरी, डिझेल ऑटोमॅटिक, वर मोठं सनरूफ, नंबर प्लेट डीएलनं सुरू होणारी. नवीन होती तेव्हा ७० लाखांच्या पुढे, आता १४ लाख. खाली लिहिलेलं असतं, 'डॉक्टर ओन्ड, एक रुपयाचा खर्च नाही'. तेवढ्याच पैशांत शोरूममधून मधल्या व्हेरिएंटची एक छोटी एसयूव्ही येते. मग मन कुठं जाणार, सांगा!

मी घेऊ नका म्हणायला बसलेलो नाही. या गाड्या चालवायला जबरदस्त असतात, दार लावलं की बाहेरचं नागपूर बंद. पण एक हिशोब आधी डोक्यात बसवा. गाडीची किंमत पडते, तिच्या पार्टची पडत नाही. तुम्ही १४ लाख दिले म्हणून तिचा टर्बो १४ लाखांच्या गाडीचा होत नाही. वर्कशॉपच्या दारातून आत गेली की ती परत ७० लाखांची गाडी असते. आज जे काही सांगणार आहे ते सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

आता दिल्लीच्याच गाड्या एवढ्या स्वस्त का? २०१५ मध्ये एनजीटीनं, म्हणजे हरित लवादानं, दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. २९ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं फक्त वयावरून मालकांवर कारवाई करू नका असा अंतरिम आदेश दिला खरा, पण तोपर्यंत बाजाराला सवय लागली होती. गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की मालक ती बाहेरच्या राज्यात काढतो. म्हणजे या गाडीची किंमत कायद्यामुळे पडलीय, त्यात वाईट काही नाही. फक्त इथं आणल्यावर एनओसी लागते, बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमएच नंबर घ्यावा लागतो, आणि आपला रोड टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून निघतो. तुम्ही दिलेल्या १४ लाखांवरून नाही. हा आकडा आरटीओत आधी काढून घ्या, यार्डवाल्याच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका.

मी यात कसा पडलो ते सांगतो. माझ्या मोठ्या आतेभावाचा इथंच, नंदनवनात, केटरिंगचा धंदा आहे. त्यानं अशीच एक जर्मन गाडी पसंत केली. मला म्हणाला, "अबे, तू इंजिनिअर ना, चल बघून दे."

मी म्हटलं, "दादा, मी सॉफ्टवेअरवाला."

"मंग काय झालं? आता गाडीत सॉफ्टवेअरच तं असते."

बरोबरच बोलला बिचारा. त्याच्याकडचे १४ लाख म्हणजे दोन लग्नसीझनची बचत होती, दुसऱ्या टेम्पोसाठी ठेवलेली. त्यामुळे मी पंधरा दिवस रोज रात्री बसून वाचलं, दोन मेकॅनिकचं डोकं खाल्लं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

सुरुवात एअर सस्पेन्शनपासून. ऑडी क्यू७, मर्सिडीजच्या एमएल आणि जीएल, रेंज रोव्हर, डिस्कव्हरी, या गाड्यांमध्ये अनेकदा लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात. कंप्रेसर त्यात हवा भरतो, गाडी बटणावर वरखाली होते. रबर आहे म्हणजे ते वाळणार, चिरणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गाडी दिवसभर सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात उभी. आधी बारीक गळती सुरू होते. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. मालक ती सुरू करतो, कंप्रेसर हवा भरतो, गाडी उठते, मालक खूश. पण तो कंप्रेसर सतत पळण्यासाठी बनलेला नसतो. रोज ओव्हरटाइम करून तोही जळतो. म्हणजे पहिल्या दिवशी एका फुग्याचं काम होतं, सहा महिन्यांनी फुगा अधिक कंप्रेसर. आमच्या गल्लीतल्या एका काकांना या दोघांचं मिळून एक लाख ऐंशी हजारांचं कोटेशन आलं, आणि ते फक्त पुढच्या एका चाकाचं.

तपासायला मशीन लागत नाही. मालकाला सांगा, रात्री गाडी हलवू नको. सकाळी सुरू करायच्या आधी चारही चाकांवरची फट बोटांनी मोजा. एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला दोन, तर समजून जा.

मग इंजिन. इथं लोक विचारतात, इंजिन चांगलं आहे का? त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की बिघडणारा भाग इंजिनात कुठं बसवलाय? बीएमडब्ल्यूचं एन४७ हे दोन लिटरचं डिझेल इंजिन घ्या. पहिल्या पिढीच्या एक्स१ मध्ये आणि त्यानंतरच्या एक्स३ मध्ये ते यायचं. त्याच्या टायमिंग चेनची तक्रार जगभर माहीत आहे. चेन ढिली होते, तुटली तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिन संपलं. पण खरी गंमत अशी की ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. म्हणजे चेन बदलायची तर आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवा. पार्टपेक्षा मजुरी मोठी.

मर्सिडीजचं ओएम६४२, तीन लिटर व्ही६ डिझेल. इंजिन म्हणून दमदार. त्यात ऑइल कूलरची रबरी सील कडक होऊन तेल गळायला लागतं. सील अगदी किरकोळ किमतीची. पण ती बसलीय दोन्ही सिलेंडरच्या रांगांमधल्या खोबणीत, आणि तिथं पोचायला वरचा टर्बो आणि इनटेक सगळं काढावं लागतं. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ४ मध्ये तर मोठ्या कामांसाठी बरेच मेकॅनिक आख्खी बॉडी चेसिसवरून उचलून घेतात. आपल्या बोलेरोवाल्या मिस्त्रीला हे सांगितलं तर तो चहा ठेवून हसत बसेल.

म्हणून चेनची टेस्ट थंड इंजिनवरच करायची. सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, बोनेटला हात लावा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच सुरू करून ठेवलंय. पुन्हा दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर सुरू करताना पहिले काही सेकंद डॅशबोर्डकडच्या बाजूनं साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का, ते कान देऊन ऐका. एसी आणि म्युझिक बंद ठेवून. यार्डवाले म्युझिक सिस्टिम दाखवायची फार घाई करतात, लक्षात ठेवा.

कूलिंगवर जास्त बोलत नाही. पाइपांचे जोड, थर्मोस्टॅटचं घर, कूलंटची टाकी, बरंच काही प्लास्टिकचं असतं आणि दहा वर्षांत ठिसूळ होतं. घेतल्याबरोबर हे आधीच बदलून टाका. सिग्नलवर मे महिन्यात वाफ निघण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

गिअरबॉक्सबद्दल एक मजेशीर गोष्ट. बऱ्याच कंपन्या सांगायच्या की ऑटोमॅटिकचं तेल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही. पण यातल्या बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. मग लाइफटाइम कोणाचं? माझ्या मते वॉरंटीचं. तेव्हा सर्व्हिस रेकॉर्डमध्ये गिअरबॉक्स ऑइलची नोंद शोधा. ती असेल तर आधीचा मालक समजदार होता.

आता डीपीएफ, डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी गरम होऊन पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. नंदनवन ते सीताबर्डी, तिथून परत, यात ते होतच नाही. काम अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते आणि तेल पातळ होतं. ऑइल कमी झालं तर सगळ्यांना कळतं, वाढलं तर कोणी बघत नाही. तुमचं फिरणं रोजचं सात-आठ किलोमीटरच असेल तर डिझेलच्या नादी लागू नका, पेट्रोल बघा. असेल डिझेलच, तर आठवड्यातून एकदा तरी समृद्धीवर काढा.

समृद्धीचा विषय निघाला तर टायर. शिवमडक्यापासून सरळ काँक्रीट, १२० चा स्पीड आणि तापलेला रस्ता. तिथं टायर फुटून झालेले अपघात आपण पेपरात वाचतो. यार्डातल्या गाडीचे टायर घासलेले नसतात, कारण ती फिरलेलीच नसते, पण जुने असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. असा टायर कितीही चकचकीत दिसला तरी चारही बदला, आणि भाव करताना तो खर्च किमतीतून वजा करा. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते, तेही बघून घ्या.

पाणी हा वेगळाच विषय. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली की पाला जाऊन त्या तुंबतात. जूनमध्ये पाणी छतातून आत उतरतं आणि कार्पेटखाली साचतं, जिथं काही गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल बसवलेले असतात. मग एके दिवशी काच आपोआप खाली जाते, पार्किंग सेन्सर ओरडतो, आणि तुम्ही पार्किंग सेन्सर बदलत बसता.

आणि पुराची गाडी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काय झालं ते आपण बघितलंय. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी घराघरांत आणि पार्किंगमध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत महागड्या गाड्या तरंगताना पाहिल्या. अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते. सीटखालच्या रुळांना गंज आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, हेही बघा. वास लपवायला परफ्यूम जास्त मारला असेल तर तोही एक पुरावाच.

आता माझा आवडता भाग. स्टिअरिंगखाली एक ओबीडी सॉकेट असतं. हजारभर रुपयांत ब्लूटूथचा छोटा रीडर मिळतो, मोबाइलला जोडला की गाडीचे एरर कोड दिसतात. दादाच्या त्या गाडीला मी तो लावला. एकही एरर नाही. यार्डवाला म्हणाला, "बघा साहेब, मक्खन आहे." पण त्याच अ‍ॅपमध्ये रेडीनेस मॉनिटर नावाचं एक पान असतं. गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या करते त्या पूर्ण झाल्या की नाही, ते तिथं दिसतं. एरर पुसले की या चाचण्याही शून्यावर येतात आणि काही दिवस नीट चालवल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. त्या गाडीच्या सगळ्या चाचण्या अपूर्ण होत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी लॉग डिलीट करून सर्व्हर दाखवत होतं.

गाडी खराबच होती असं मी म्हणत नाही. बॅटरी काढून ठेवली तरी असं होऊ शकतं. मी एवढंच म्हटलं, दोन-तीन दिवस चालवा, आम्ही परत येऊन बघतो. तर उत्तर आलं, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन आत्ता द्या. मी दादाला बाहेर घेऊन आलो. जगनाडे चौक येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. टेम्पो अजून घेतलेला नाही, गाडीही नाही. रात्री अकरानंतर मला जाहिरातींच्या लिंक पाठवत असतो.

त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. गाडीच्या किमतीच्या पाव भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल, तर घ्या. १४ लाखांची गाडी म्हणजे साडेतीन लाख वेगळे, ईएमआयमध्ये न अडकलेले. ती महिनाभर वर्कशॉपमध्ये राहिली तर घरचं आणि धंद्याचं काम अडायला नको, म्हणजे दुसरं वाहन हवं. टोकन देण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा आणि तिथंच लिफ्टवर चढवून तपासून घ्या. मालक याला नाही म्हणाला तर पुढचं बोलणंच थांबवा. आणि त्या ब्रँडचं वर्कशॉप नागपुरात आहेच असं धरून चालू नका, फोन करून विचारा, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला गाडी ट्रकवर टाकावी लागेल.

शिवाय तुमच्या मोहल्ल्यात असा एक मेकॅनिक शोधून ठेवा, ज्याच्याकडे त्या ब्रँडचं स्वतःचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर आहे. साधा रीडर इंजिनचे कोड वाचतो, एअर सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सचे सगळे वाचत नाही. बीएमडब्ल्यूमध्ये तर नुसती बॅटरी बदलली तरी ती गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावी लागते, नाहीतर ती जुन्या बॅटरीच्या हिशोबानंच चार्जिंग करत राहते.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, किंवा बघायला जाणार असाल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि दिसला असेल तर एरर कोड, एवढं नक्की सांगा. पुढच्या भागात त्यातले काही कोड उघडून बघू. चला, भेटू.